जपून ठेवलेला नाखवा

पनवेल,
२६ जून २००७

अजीज नोमान यास,

आपाचा सलाम आणि ढीगभर दुआ. आम्ही सगळे अल्लाच्या मेहरबानीने ठीक आहोत, आणि तूही ठीक असावास अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण आजारी माणसावर रागावणं मला जमत नाही. पाठ आता दुखत नाही ना? जेवण वेळेवर होतं ना? दोह्याच्या उन्हात एसी दुरुस्त करायला गच्चीवर चढतोस तेव्हा डोक्यावर ओला रुमाल ठेवतोस ना? (ठेवत नसशील. लहानपणी टोपी घाल म्हटलं की टोपी खिशात घालून फिरायचास.) हे सगळं ठीक असेल तर आता नीट बस आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर मला यातलं काही बोलता येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत आहे, बाहेरच्या खोलीत तुझे दुल्हाभाई आहेत, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला ते "तसं नाही झालं, सकीना" म्हणून तोंड घालतात. कागदावर त्यांना मधे बोलता येत नाही. एवढ्या एका सुखासाठी मी दहावीच्या निबंधानंतर पहिल्यांदाच इतकं लांब लिहायला बसले आहे.

तर ऐक. दुल्हाभाई दुकानात शिडीवरून पडले हे तुला माहीत आहे, पण ते का पडले हे तुला त्यांनी सांगितलं नसणार. मे महिना म्हणजे ताडपत्रीचा सीझन. गिऱ्हाईक दारात उभं. आदिल (माझा पुतण्या, दुकान खरं तर आता तोच बघतो) म्हणत होता, "चाचा, मी चढतो." पण नाही. वरच्या फळीवरची निळी ताडपत्री कुठे आहे ते फक्त आपल्यालाच माहीत, अशा ऐटीत हे चढले, आणि ताडपत्रीसकट खाली आले. गिऱ्हाइकाला काही झालं नाही, ताडपत्रीला काही झालं नाही, यांचा पाय घोट्याच्या वर मोडला. गिऱ्हाईक तीच ताडपत्री घेऊन गेलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, घरी पडून राहायचं, हलायचं नाही, चिडायचं नाही.

पहिल्या दोन गोष्टी जमल्या. पण जो माणूस तीस वर्षं सकाळी चहा घेऊन दुकानात गेला आणि रात्री जेवायलाच घरी आला, त्याला आपलं घर दिवसा कसं चालतं हे पलंगावरून पहिल्यांदाच दिसलं, आणि त्यातलं काहीएक त्याला पसंत पडलं नाही. कांदा जास्त परतला जातो. दूधवाला बेल दोनदा वाजवतो. मी फोनवर फार हसते. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन झोपलेला दिसला की हे पलंगावरून टाळ्या वाजवून त्याला उठवायचे. शाजिया लग्न होऊन कल्याणला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तेव्हा हे सगळं ऐकायला मी एकटी. मी तुला फोनवर इतकंच म्हटलं, "नोमान, यांचा जीव रमेल असं काहीतरी सुचव." सुचव म्हटलं होतं. पाठव म्हटलं नव्हतं. ही तुझी पहिली चूक.

पुढच्याच आठवड्यात गव्हाणचा काशिराम, तुझ्या कंपनीतला, रजेवर आला तो खांद्यावर खोका घेऊन दारात. "ताई, नोमानभाईनं दिलाय. आत काय हाय ते मना म्हायीत नाय, पन जपून धरा." (भला माणूस. पाणीसुद्धा न पिता गेला.) मला वाटलं, मिक्सर असेल. निघालं काय, तर काळं मशीन, दोन रिमोट, वायरींचं भेंडोळं आणि एक गेमची तबकडी. छप्पन वर्षांच्या माणसाला, ज्याचा पाय मोडलाय, ज्याला रक्तदाब आहे, त्याला तू व्हिडिओ गेम पाठवलास!

ते मशीन टीव्हीला जोडलं प्रभाकरभाऊंनी. प्रभाकरभाऊ तुला माहीत नसतील. खांदा कॉलनीत राहतात, मुंबईच्या एका विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेत, मुलगा पुण्याला. मागे गच्चीसाठी ताडपत्री घ्यायला आले तेव्हा स्वतःची टेप घेऊन आले होते. दुकानातच मोजली, हातभर कमी भरली, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि तेव्हापासून दोस्ती. माणूस सज्जन, पण नियमाचा. आमच्याकडे चप्पल काढली तरी दोन्ही चपला एका रेषेत लावतात. पाय मोडल्यापासून रोज संध्याकाळी यांना भेटायला यायचे, अर्धा तास बसायचे आणि जायचे. मशीन आल्यापासून ते अर्धा तास बसायचे बंद झाले. तीन-तीन तास बसू लागले.

गेम असा. एक नाखवा आहे. (त्याचं खरं नाव इंग्रजीत आहे. प्रभाकरभाऊंनी वाचून दाखवलं, यांना म्हणता आलं नाही, म्हणून तो नाखवा.) समुद्रात बेटं आहेत, प्रत्येक बेटावर एक विझलेलं दीपगृह. नाखव्याने मोडके पूल, चोर आणि म्हशीएवढे खेकडे पार करून दीपगृहात जायचं आणि दिवा पेटवायचा. अगदी सुरुवातीला त्याची आई त्याला झोपेतून उठवते, हातात कंदील देते आणि भलंमोठं भाषण करते. ते भाषण कुठलंही बटण दाबलं तरी थांबत नाही. झालं, दोघे भिडले. यांच्या हातात रिमोट, प्रभाकरभाऊ बाजूच्या खुर्चीत बसून "डावीकडे, डावीकडे, अरे तुझं डावीकडे नाही, त्याचं डावीकडे" करताहेत. नाखवा पडतोय, बुडतोय, खेकडा त्याला चावतोय. दोन दिवस मेहनत करून एकदाचा पहिल्या बेटावरचा दिवा पेटला. दोघांनी मला स्वयंपाकघरातून बोलावून तो दिवा दाखवला. मी "छान" म्हटलं. आणि लाइट गेली.

पनवेलचं लोडशेडिंग तू विसरला असशील, तुमच्या दोह्याला वीज कधी जात नाही म्हणे. लाइट परत आल्यावर दोघांनी मशीन सुरू केलं, तर नाखवा अंथरुणात! आई त्याला उठवतेय, कंदील देतेय, भाषण करतेय. दिवा नाही, बेट नाही, काही नाही. हे म्हणाले, "अरे, हा झोपला कसा? हा तर दीपगृहावर होता." प्रभाकरभाऊंनी चष्मा पुसून गेममधल्या सगळ्या पाट्या वाचल्या. कुठूनही खेळ थांबवला की एक यादी येते, त्यात "सेव्ह" म्हणून आहे, ते दाबलं की मशीन म्हणतं, कार्ड नाही.

"कसलं कार्ड?" यांनी विचारलं.

"रेशनचं नक्कीच नाही," प्रभाकरभाऊ म्हणाले.

तेव्हा आम्हाला कळलं की या मशीनला स्वतःची स्मरणशक्ती नाही. ती वेगळी विकत घ्यावी लागते. मी विचारते, हा कुठला न्याय? एवढं मोठं मशीन, दोन पंखे एकदम चालावेत तसा आवाज करतं, आणि आपण काल काय केलं ते त्याला आठवत नाही? आणि तू, ज्याने दुकानात उभं राहून ते विकत घेतलंस, तुला दुकानदाराने सांगितलं नाही? तू नंतर फोनवर म्हणालास, "आपा, मला वाटलं कार्ड तिकडे मिळेल." मिळेल! मी स्वतः स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. त्याने माझ्या हातावर नखाएवढं कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "काकी, यात हजार गाणी मावतात." मी म्हटलं, "मला गाणी नको, मला एक माणूस ठेवायचाय." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी तुझ्या नावावर लिहून ठेवली आहे.

कार्ड नाही म्हटल्यावर या दोघांनी ठरवलं की मशीन बंदच करायचं नाही. टीव्ही बंद, मशीन चालू. दिवसरात्र. ते तापायचं, म्हणून माझा टेबलफॅन त्याच्यापुढे, आणि मी उकाड्यात. मग एके दिवशी मी वाटण करायला मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला. बाहेरून दोघांची अशी किंकाळी आली की मला वाटलं पलंग मोडला. तेव्हापासून आमच्या घरात मिक्सरला बंदी. खोबऱ्याचं वाटण मी पाट्यावर केलं, नोमान. पाट्यावर! माझ्या सासूबाई वारल्यावर जो पाटा मी मोरीत टाकला होता तो काढून, घासून, मी वाटण वाटलं, कारण एका नाखव्याची झोपमोड होऊ नये. त्यानेही भागलं नाही, तेव्हा यांनी दुकानातला इन्व्हर्टर घरी मागवला. आदिल काकुळतीला येऊन म्हणाला, "चाचा, दुकानात अंधार होतो. लोकांना दोरी दिसत नाही." हे म्हणाले, "दोरी हाताला लागते."

एवढं करूनही काही ना काही व्हायचंच. वायर निसटायची, इन्व्हर्टर बसायचा, नाहीतर मशीनच घरघर करून थांबायचं. पुन्हा अंथरूण, पुन्हा आई, पुन्हा कंदील. आता खरं सांगते (रागात असले तरी खरंच सांगते), त्या दिवसांत दोघांच्या हाताला अशी सवय झाली होती की पहिलं बेट ते गप्पा मारत पार करायचे. आईचं भाषण प्रभाकरभाऊ तिच्याबरोबर म्हणायचे, हातवाऱ्यांसकट. पण पुढे दुसऱ्या बेटावर, जिथे आधी फारसं गेलेलं नाही, तिथे पोचले की दोघांचा आवाज खाली जायचा. एखादा पूल आला की हे श्वास धरायचे. प्रभाकरभाऊ खुर्चीतून पुढे सरकायचे. माझ्या हातात लाटणं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. पडला असता तर दोन दिवसांचं सगळं गेलं असतं. नाही पडला. दोघांनी एकमेकांना टाळी दिली तेव्हा माझी पोळी करपली होती.

आणि मग तू कार्ड पाठवलंस. ही तुझी दुसरी चूक.

पहिल्या दिवशी आनंदीआनंद. कार्ड मशीनमध्ये बसलं, नाखवा सेव्ह झाला, लाइट गेली, लाइट आली, नाखवा जिथल्या तिथे उभा. मी मिक्सर लावला. इन्व्हर्टर दुकानात परत गेला. पण दुसऱ्या दिवसापासून तुझ्या दुल्हाभाईंना सेव्हची चटक लागली. दार उघडलं, सेव्ह. चार पावलं चालले, सेव्ह. खेकडा दिसला, सेव्ह. खेकड्याला एक फटका मारला, सेव्ह. खेकड्याने फटका मारला, की मागचं काढून पुन्हा. दरीत काय आहे बघू म्हणून नाखव्याला मुद्दाम दरीत ढकलून द्यायचे. बिचारा ओरडत खाली जायचा, आणि हे चहाचा घोट घेत म्हणायचे, "खाली काही नाही." जो पूल ओलांडताना आठवड्यापूर्वी हे श्वास धरत होते, तो पूल आता हे जांभई देत ओलांडायला लागले. दुसरं बेट झालं, तिसरं झालं. मला दिवा बघायला कुणी बोलावलं नाही.

प्रभाकरभाऊंना हे सहन होईना. त्यांनी आधी समजावलं, मग नियम काढला: सेव्ह फक्त दीपगृहात, दिवा पेटवल्यावर. वाटेत मेला तर मागच्या दीपगृहापासून. "इलियास," ते म्हणाले, "तू आता खेळत नाहीस. तू पानापानावर सह्या करतोस."

"मग काय झालं? काम पुढे सरकतंय ना?"

"सरकतंय. पण तुला मजा येतेय का?"

यांनी पुन्हा सेव्ह दाबलं. रिमोट काही सोडला नाही. तेव्हापासून प्रभाकरभाऊंच्या पाळीला नियम, आणि यांच्या पाळीला सह्या. एक जण अर्धा तास जिवाचं रान करून दीपगृहापर्यंत पोचायचा, दुसरा पाच मिनिटांत शंभर वेळा सेव्ह करून. आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं "सरक" आणि "घे" एवढ्यावर आलं.

मग तो दिवस आला. तिसऱ्या बेटावरून पुढे गेलं की एक गुहा लागते, आणि गुहेत सगळ्या खेकड्यांचा बाप बसलाय. यांनी धडाधड आत शिरून त्याच्याशी मारामारी केली. नाखव्याचा जीव वरच्या कोपऱ्यात लाल ठिपक्यांनी दाखवतात. ठिपके संपत आले. औषधाच्या बाटल्या संपल्या. एकच ठिपका उरला, खेकड्याने नांगी उगारली, आणि बरोब्बर त्या क्षणाला तुझ्या दुल्हाभाईंचा अंगठा सवयीने गेला आणि त्यांनी सेव्ह केलं. आधीच्या सेव्हवरच. सगळं जुनं पुसून, एक ठिपका आणि वर उगारलेली नांगी एवढंच कार्डात जपून ठेवलं!

आता पुन्हा सुरू केलं की नाखवा जागा होतो तो नांगीखाली. लगेच मरतो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मरतो. आधी कार्ड नव्हतं म्हणून माणूस मेला तरी निदान आईकडे जायचा. आता कार्ड आहे म्हणून तो फक्त मरतो. मी विचारते, असं सेव्ह करू देणारा गेम बनवला कुणी? मशीनने एकदा तरी विचारायला नको का, की बाबा रे, हे खरंच जपायचंय?

प्रभाकरभाऊ हसले. हसायला नको होतं, पण नोमान, मी स्वयंपाकघरात होते म्हणून बरं, मीही हसले. ते डोळे पुसत म्हणाले, "इलियास, ही सही मात्र पक्की झाली."

आणि हे म्हणाले, "प्रभाकर, तुला तुझ्या घरात कुणी विचारत नाही, म्हणून माझ्या घरी येऊन नियम करतोस."

टीव्हीवर नाखवा मेला की वाजते ती सनई वाजत होती. प्रभाकरभाऊंनी रिमोट हळूच पलंगावर ठेवला. त्याची वायर गुंडाळली. दारात जाऊन चपला घातल्या आणि मला म्हणाले, "वहिनी, चहा नको." चहा उकळत होता! आलं टाकलेला! मी बाहेर येईपर्यंत ते जिना उतरले होते.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते अल्लाला माहीत. हे सकाळी उठायचे, मशीन लावायचे आणि मरायचे. नांगी बसली की नाखवा पाण्यात. डुबुक, आणि सनई. डुबुक, आणि सनई. मी म्हटलं, "अहो, मग सुरुवातीपासून खेळा." तर म्हणाले, "इतकी मेहनत केली ती टाकून देऊ?" हाच माणूस, याच पलंगावर, लाइट गेली की एक शिवी देऊन हसत पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. पण आता जपून ठेवलेलं होतं ना. जे जपलं त्यात फक्त एक खेकडा होता, तरी टाकवेना. आणि संध्याकाळ झाली की यांची नजर घड्याळाकडे, मग दाराकडे. बेल वाजली की मान वर. दूधवाला निघाला की मान खाली. "प्रभाकरभाऊंना फोन करू का?" मी विचारलं, तर म्हणाले, "कशाला? त्याला काम असेल." रिटायर झालेल्या माणसाला!

शेवटी बाजारात मला सुनीतावहिनी भेटल्या, प्रभाकरभाऊंच्या घरच्या. कोळणीपुढे बसून जिताडा निवडत होत्या. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच सुरुवात केली. "सकीनावहिनी, यांना तुमच्याकडे परत बोलवा हो. दिवसभर घरात माझ्या मागे-मागे असतात. माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. मला तीन दिवस जिरं सापडत नाहीये."

"मग पाठवा की."

"मी पाठवून येणार नाहीत. काल म्हणाले, इलियास बोलला ते काही खोटं नाही. आणि मग गच्चीत जाऊन बसले. जेवलेसुद्धा नाहीत." असं म्हणून त्या जिताड्याकडेच बघत राहिल्या.

मला काय वाटलं ते लिहीत नाही. घरी आले, आणि यांच्या समोर, यांच्या नाकाखाली, फोन लावला. "प्रभाकरभाऊ, तुमचा नाखवा रोज मरतोय, आणि त्याच्यापायी माझा नवरा. यायचं तर आज या. चहा टाकतेय." पलीकडून त्यांनी विचारलं, "इलियासने सांगितलं का फोन करायला?" मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण कान माझ्याकडे होते. मी म्हटलं, "नाही. पण नको असंही म्हणाले नाहीत."

आले. मला वाटलं आता माफी, गळाभेट, काहीतरी होईल. मी पदर सावरून उभी होते. तर प्रभाकरभाऊ चपला एका रेषेत लावून आत आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "कुठे अडकलाय?"

"तिथेच."

"एकच ठिपका?"

"एकच."

"दे इकडे."

एवढंच! चार दिवस माझं घर सुतकासारखं, आणि यांचं एवढंच! मग दोघे पाळीपाळीने मरायला लागले. डुबुक, सनई, "घे." डुबुक, सनई, "आण." मधे लाइट गेली. मी मेणबत्ती घेऊन येत होते तर अंधारात यांचा आवाज ऐकू आला, "प्रभाकर, त्या दिवशी मी जे बोललो..." आणि प्रभाकरभाऊ म्हणाले, "अरे, ती नांगी उजवीकडून येते, तू डावीकडे का पळतोस?" मी मेणबत्ती घेऊन थोडा वेळ तिथेच थांबले. मग मुद्दाम भांड्यांचा आवाज करत आत गेले.

लाइट आल्यावर पुन्हा मरण सुरू. दोघांना नांगी पाठ झाली, पण एका ठिपक्यावर त्या बापाला मारणार कसं? दोघेही पुढे जाऊन त्यालाच मारायला बघायचे. तेवढ्यात यांना मोरीत जायचं होतं. प्रभाकरभाऊंनी यांना खांदा दिला आणि जाताना रिमोट माझ्या हातात दिला. "वहिनी, नुसता धरून ठेवा. काही दाबू नका." पण गेम थांबवायला विसरले होते ना! नांगी खाली आली. मी, खरं सांगते, घाबरून नाखव्याला मागे वळवलं. इतके दिवस स्वयंपाकघरातून मी आवाज ऐकत होते. गुहेत शिरताना लाकडी दार करकरतं. म्हणजे मागे दार आहे. मी त्याला पळवलं. खेकडा मागे, नाखवा पुढे, दार करकरलं, बाहेर ऊन. बाहेर एक माड होता, त्याखाली शहाळं पडलं होतं, ते नाखव्याने उचललं आणि कोपऱ्यातले सगळे लाल ठिपके भरले. मी थांबवलं, यादी काढली, आणि सेव्ह केलं. वेगळ्या जागेत, जुनं न पुसता. (कार्डात बऱ्याच जागा आहेत. आजवर दोघांपैकी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं.)

दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत परत आले आणि टीव्हीकडे बघत उभे राहिले.

"हे कसं केलंस?" यांनी विचारलं.

"मागे वळले."

आता मला सांग, यावर माणूस काय म्हणेल? शाबास म्हणेल? तुझे दुल्हाभाई म्हणाले, "पळालीस? लढता लढता पळालीस?" आणि प्रभाकरभाऊ, ज्यांना मी फोन करून बोलावलं, ज्यांच्यासाठी आलं किसलं, ते म्हणाले, "वहिनी, तसं बघितलं तर हे नियमात बसत नाही." आणि मग दोघे, जे दोन आठवडे कुठल्याच गोष्टीवर एकमत झाले नव्हते, ते या एका गोष्टीवर इतके एकमत झाले की अर्धा तास खेळ बाजूला ठेवून माझ्या चुकीवर बोलत बसले. "हिला लढाई कळत नाही." "नाही, नाही, त्यांचा दोष नाही, त्यांना सवय नाही." चहा पितापिता! माझा चहा!

तेव्हा माझा फैसला ऐक. येत्या जुम्म्याला काशिराम परत निघतोय. त्याच्याबरोबर हे मशीन, दोन्ही रिमोट, वायरी, तबकडी आणि तुझं ते कार्ड, सगळं खोक्यात घालून परत पाठवते आहे. तुझ्या खोलीत ठेव, नाहीतर कुणाला देऊन टाक. या वयात माझ्या घरात मला खेकडे नकोत. यापुढे यांचा जीव रमावा असं वाटलं तर दुआ कर, सामान पाठवू नकोस.

तब्येतीला जप. रुमाल ठेव. पत्र मिळाल्याचं कळव.

रागावलेली तुझी आपा,
सकीना

ता. क. – आताच काशिराम येऊन गेला. म्हणाला, "द्या ताई, बॅगंत जागा हाय." मी म्हटलं, मशीन फार नाजूक आहे, विमानात आपटेल. त्याच्याऐवजी सुकट, सुके बोंबील आणि एक बरणी लोणचं दिलं आहे. बरणी उभी ठेव.

ता. क. दुसरा – पत्र टाकायचं राहूनच गेलं, तेवढ्यात यांचं प्लास्टर काढलं. काठी घेऊन सकाळी दुकानात जातात, दुपारी जेवून पुन्हा जातात. संध्याकाळी प्रभाकरभाऊ येतात आणि दोघे दीपगृहाच्या नियमाने खेळतात. सध्या चौथ्या बेटावर आहेत. दुपारी मी घरात एकटीच असते. मी सहाव्या बेटावर आहे. फोनवर याबद्दल एक अक्षर बोलू नकोस.

ता. क. तिसरा – प्रभाकरभाऊ म्हणतात, सगळ्यांनी एकदम खेळायचे गेमही मिळतात, पण मशीनला दोनच रिमोट लागतात. तिकडे एक जोड मिळतो म्हणे, तो लावला की चार रिमोट बसतात. तो कुणाबरोबर पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. शाजियाच्या लग्नाला आला नाहीस, दोन ईदा आला नाहीस, सुट्टी मिळत नाही हे ऐकून माझे कान किटले. इथे आम्ही तिघं आहोत. चौथा रिमोट कुणाच्या हातात द्यायचा ते मी ठरवलं आहे. सुट्टीचा अर्ज आज दे.